न चमकणारी पानं

सातव्या महिन्यात लेक माहेरी आली, ती डॉक्टरांची फाईल बॅगेत आणि एक कुंडी मांडीवर घेऊन. इंदूर ते जबलपूर सगळा प्रवास, पाय सुजलेले, आणि बाईसाहेबांनी कुंडी काही खाली ठेवली नाही. मी प्लॅटफॉर्मवरच चिडले. "अगं, त्या फायलीत तुझे सगळे रिपोर्ट आहेत, ती बर्थखाली टाकलीस आणि हे गवत मांडीवर?"

"फाईल मोडत नाही न आई," ती म्हणाली. "आणि हे गवत नाही."

गवत नव्हतंच ते. जाड, गुबगुबीत पानं एकात एक बसलेली, वरून पाहिलं तर कुणी दगडात फूल कोरून ठेवलंय असं वाटावं. रंग राखी-हिरवा, टोकं जराशी गुलाबी. बुडाशी तशीच इवली पिल्लं आईला चिकटून. लेकीने नाव सांगितलं, ते मी लगेच विसरले. उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवलं मी, पण आमच्या पुस्तकाची मजल निवडुंगापुढे कधी गेली नाही.

आमचं घर जबलपूरच्याच गोरखपूर भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पूर्वेची. सकाळचं कोवळं ऊन तिथे येतं आणि दुपारनंतर सावली पडते ती पडतेच. लेकीने पाहणी केली आणि मोगरा सरकवून त्या जागी आपली कुंडी बसवली. मग मला बसवून धडा दिला. माती खोलवर कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. पाणी मातीला द्यायचं, पानांच्या मधोमध ओतायचं नाही, तिथे थांबलं की झाड आतून सडतं. आणि पानांना हात लावायचा नाही, कारण त्यांच्यावर एक पांढरट पावडर असते, ती झाडाने स्वतःच तयार केलेली असते, उन्हापासून वाचण्यासाठी. एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा येत नाही.

मी लगेच एका पानाला अंगठा लावून पाहिला. अंगठ्याचा ठसा उमटला, तो कायमचा.

"आई, तू या झाडावर एकच उपकार कर," लेक म्हणाली. "माया नको करू."

ते मला जमणार नव्हतं, आणि तिच्या बाबतीत तर मुळीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण मी तो ज्या हट्टाने धरला होता, जावयाशी फोनवर जवळजवळ भांडले होते, त्याचं कारण रिवाज नव्हता. त्याचं कारण माझी मोठी बहीण होती.

तिला पहिल्या खेपेला माहेरी पाठवलं नाही. सासर भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात, आणि घरात कामाला माणूस हवं होतं. शेवटच्या दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं, मग झटके आले. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. भगत आणला. त्याचं लिंबू-मिरची, धूर, ओरडणं होईपर्यंत डॉक्टरकडे न्यायची वेळ निघून गेली होती. बाळ वाचलं, आई गेली. मी तेव्हा शाळेत होते. जबलपूरला तार आली तेव्हा बाबा फॅक्टरीतून नुकतेच घरी आले होते आणि हात धूत होते. ते तसेच ओले हात घेऊन उभे राहिले, हे मला अजून दिसतं.

त्यानंतर आमच्या घरात शकुन-अपशकुन हा शब्द कुणी उच्चारला नाही. आम्ही बौद्ध, तसंही त्या वाटेला जात नव्हतोच, पण बाबांनी तर वैरच धरलं. मांजर आडवं गेलं की ते त्याला जवळ बोलावायचे. प्रवासाला मुद्दाम अमावास्येला निघायचे. आणि आम्हा पोरांना एकच गोष्ट सांगायचे: भीती वाटली तर लपवू नका, पण भगत शोधू नका. कारण शोधा. ते मी पुढे वर्गात मुलींनाही सांगत आले, फळ्यासमोर उभी राहून, मोठ्या ऐटीत.

तर अशी मी. आणि फेब्रुवारीत त्या झाडातून एक दांडा वर येऊ लागला.

पानांच्या मधून, एका बाजूने, मान खाली घातलेला गुलाबी दांडा. शेजारच्या भाभी कपडे वाळत घालता घालता ओरडल्या, "अरे दीदी, फूल आ रहा है! घर में बच्चा आने वाला है और साथ में फूल! बड़ा शुभ है।" मी त्यांच्याकडे पाहून शिक्षिकेचं हसू हसले. शुभ कसलं, झाडाला फूल येतं, त्यात काय. पण फुलाच्या काळात पाणी वाढवायचं की कमी करायचं, हे पाहावं म्हणून मी मोबाईल घेतला. नाव आठवत नव्हतं. लेक झोपली होती. मग जसं दिसतं तसंच लिहिलं: गुलाबासारखी जाड पानं, बुडाशी पिल्लं, फुलाचा दांडा. आणि समोर आलं की हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं. फुललं की आई-झाड मरतं. पिल्लं मागे राहतात.

माझे हात गार पडले. हे मी सांगायचं म्हणून सांगत नाही, खरोखर गार पडले, मोबाईल धरवेना. आत लेक कुशीवर झोपली होती, पोटाखाली उशी घेऊन, सुजलेले पाय चादरीबाहेर. डॉक्टरीणबाईंनी मागच्याच खेपेला सांगितलं होतं की बीपी थोडं वर जातंय, घरी तपासत राहा.

मला माझा राग आला. जी शुभ मानत नाही तिने अशुभ कसं मानावं? मी स्वतःला बाबांच्या भाषेत झापलं, वर्गातल्या भाषेत झापलं. झाडाच्या पेशी वेगळ्या, माणसाच्या वेगळ्या. एका कुंडीतल्या दांड्याचा माझ्या लेकीच्या रक्तदाबाशी काय संबंध? काही नाही. मला ठाऊक होतं, काही नाही. आणि तरी मी घाबरले होते, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. भाभींना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच काहीतरी उतरवून टाकलं असतं, मनही हलकं केलं असतं. आमच्या घरात कुणाला सांगणार? आमच्याकडे ही भीती असायलाच नको होती.

मग मी त्या झाडावर पहारा ठेवला. सकाळी चहाआधी बाल्कनीत, भाजी चिरताना बाल्कनीत, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी पुन्हा बाल्कनीत. दांडा किती वाढला, मान सरळ झाली का, कळ्या मोजण्याइतक्या झाल्या का. खालचं एखादं पान सुकून कागदासारखं झालं की मी उरलेली सगळी तपासायचे. खालची पानं वाळतातच, लेकीने सांगितलं होतं, तरी. हळूहळू मला त्या झाडाचं पान न् पान पाठ झालं. ठसा असलेलं पान, प्रवासात टोक मोडलेलं पान, एका अंगाला जरा वाकडं वाढलेलं. सगळ्यांवर ती पावडर, खडूच्या भुकटीसारखी, निस्तेज. ऊन असो की ट्यूबलाईट, त्या पानांवर उजेड पडायचा आणि तिथेच विझायचा.

आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "काहून सारखी त्या झाडाले पाहून राहिली? ते काय पळून चाललं का?"

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं.

एकदा तर मी कैची घेऊन उभी राहिले. मनात आलं, फूलच उमलू दिलं नाही तर? दांडा बोटांत धरला. किती मऊ होता, काकडीच्या वेलाच्या टोकासारखा. तेवढ्यात मागून लेक आली. "आई, काय करून राहिली?"

"कढीपत्ता कापतेय."

कढीपत्त्याची कुंडी दुसऱ्या टोकाला होती. लेकीने कैचीकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "चलो, चहा करते मी," म्हणाली आणि आत गेली.

बीपीचं यंत्र आम्ही आणलं होतं. सुरुवातीला मी तिच्या दंडाला पट्टा बांधायचे आणि आकडा येईपर्यंत समोर श्वास धरून उभी राहायचे. आकडा वरचा यायचा. "तू अशी समोर उभी राहते, म्हणून वाढते माझं," ती म्हणायची. "मरीज मी आहे की तू? जा बाहेर." मग मी दाराबाहेर थांबायला लागले. यंत्राची घरघर ऐकू यायची, मग टीं असा आवाज, आणि मग तिचं "ठीक आहे आई." मी सुटकेचा श्वास टाकून बाल्कनीत जायचे.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचंच होतं. बाल्कनीत सावली होती, ऊन केव्हाच आमच्या इमारतीच्या मागे गेलं होतं. लेक खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. मी तिच्यासाठी संत्रं सोलत होते. दांड्यावरच्या कळ्या फुगल्या होत्या, उद्या-परवा उमलतील अशा, आणि मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते.

"आई, पानं किती चमकून राहिली बघ," ती म्हणाली.

"कशाची?"

"याचीच. किती चमक आहे. पावसात भिजल्यासारखी."

मी संत्रं खाली ठेवलं. झाडाकडे पाहिलं. ती पानं चमकत नव्हती. ती कधीच चमकली नव्हती. सकाळच्या उन्हात चमकली नाहीत ती सावलीत कुठून चमकणार? पाऊस नाही, मी पाणी घातलेलं नाही, पावडर जागच्या जागी. दुसऱ्या कुठल्या झाडाबद्दल ती असं म्हणाली असती, मोगऱ्याबद्दल, तर मी "हो गं" म्हणून संत्र्याची फोड तिच्या हातात दिली असती. पण या झाडाचं प्रत्येक पान मी भीतीपायी पाठ केलं होतं.

"आणखी कुठे चमकतंय?" मी विचारलं.

तिने डोळे चोळले. मग हळूच म्हणाली, "भिंतीवर पण. तुझ्या पदरावर पण. ठिणग्यांसारखं."

"डोकं दुखतंय?"

तिने मान खाली घातली. माझी बहीण माझ्यासमोर बसलीय असं मला वाटलं, तिचं ते डोकं, ते खेडं, तो धूर. मग मी इतक्या जोराने यांना हाक मारली की भाभीसुद्धा बाहेर आल्या.

गोरखपूरच्या बाजारात त्या वेळी गाडी पुढे सरकत नाही. ई-रिक्षा, हातगाड्या, मधोमध स्कूटर थांबवून भाव करणारी माणसं. हे हॉर्न वाजवत होते, मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होते, "भैया, हटो, डिलिवरी का केस है!" लेकीचा हात माझ्या हातात होता. तो कधीही ताठ होईल, झटका येईल, या भीतीने मी तिची बोटं चाचपत राहिले. ती म्हणाली, "आई, दुखून राहिलं माझं बोट." मला तेवढ्यानेही बरं वाटलं. बोलतेय.

दवाखान्यात आकडा पाहून नर्सने दुसऱ्यांदा पट्टा बांधला आणि मग ती धावली. डॉक्टरीणबाई आल्या. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन, आणि लगेच ऑपरेशन. बीपी एवढं चढलं की डोळ्यांपुढे असं चमकतं, आता थांबता येणार नाही, म्हणाल्या. लेकीला आत नेलं आणि दार बंद झालं.

बाकावर बसून मी काय विचार केला असेल? प्रार्थना केली असेल, बुद्धवंदना म्हटली असेल? काही नाही. मला सारखा तो दांडा दिसत होता. का नाही कापला मी तो, हाच विचार. इतकी शिकलेली बाई, इतक्या पोरींना शिकवलेली, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून कैचीचा विचार करत होती. तेव्हा माझी लाजसुद्धा संपली होती. कुणी तिथे लिंबू आणून दिलं असतं तर मी ते मुठीत धरून बसले असते.

दार उघडलं. नर्सच्या हातात हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते बारीक आवाजात रडत होतं. "बच्ची हुई है," ती म्हणाली. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "और उसकी माँ?"

"अम्मा, पहले बच्ची तो देख लो।"

"उसकी माँ कैसी है?"

मी हात पुढे केले नाहीत. मला ते बाळ पाहायचं नव्हतं. बाळ वाचलं, ही बातमी आमच्या घरात एकदा येऊन गेली होती आणि तिच्यापुढची ओळ मला माहीत होती. नर्सने तोंड वाकडं करून बाळ यांच्याकडे दिलं. मी दाराकडे पाहत उभी राहिले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या की ती ठीक आहे, अजून लक्ष ठेवावं लागेल, पण ठीक आहे, वेळेत आणलंत. तेव्हा कुठे मी वळून नातीला पाहिलं. तिची मूठ यांच्या शर्टाच्या बटणावर होती.

कपडे न्यायला घरी आले तेव्हा फुलं उमलली होती. केशरी रंगाची, छोट्या घंटांसारखी, आतून पिवळी. मी खाली वाकून एकेक पान तपासलं. सगळी जशीच्या तशी. पुढच्या आठवड्यातही तशीच. फुलं झडली, दांडा वाळला, झाड मेलं नाही.

लेक घरी आल्यावर एका दुपारी, बाळ झोपलं असताना, मी तिला सगळं सांगून टाकलं. मोबाईलवर वाचलेलं, कैची, सगळं. वाटलं, हसेल, वर्षभर चिडवायला विषय झाला.

"ती दुसरी जात, आई," ती म्हणाली. "दिसायला अशीच, पण फुलून मरते ती वेगळी. हे दरवर्षी फुलतं." आणि ती हसली नाही. "तू कैची घेऊन उभी होती न, तेव्हाच मला समजलं होतं तू काय वाचलं ते."

"मग सांगायचं न तेव्हाच! माझा जीव टांगणीला लावून ठेवलास."

ती बाळाच्या दुपट्याचा काठ सरळ करत राहिली. "सांगणारच होते. पण मावशीचं मनात होतं न तुझ्या. मला वाटलं, आता मी काहीही बोलले तर ही अजून घाबरेल." मग म्हणाली, "डोकं त्याच्या आदल्या दिवसापासूनच दुखून राहिलं होतं, आई. आकडा पण वरचा आला होता. तू दाराबाहेर उभी होती. म्हटलं, उद्या डॉक्टरकडे जायचंच आहे तर हिला काहून सांगायचं. पानं मात्र मला खरंच चमकताना दिसली. नाहीतर तेही नसतं बोलले."

माझे हात पुन्हा गार पडले. धोका टळून गेला होता, बाळ पंख्याखाली झोपलं होतं, आणि मला त्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त भीती त्या दुपारी वाटली. मी कुंडीतल्या फुलाला घाबरत होते आणि माझी लेक मला घाबरत होती. माझ्या बहिणीने तिचं डोकं दुखत असल्याचं कुणाला सांगितलं होतं का, आणि कुणाचं तोंड बघून ती गप्प राहिली असेल, हे मला कधीच कळणार नाही.

उन्हाळा कडक व्हायच्या आधी लेक इंदूरला गेली. या खेपेला मांडीवर बाळ होतं, म्हणून झाड माझ्याकडे राहिलं. मेमध्ये मी ते आत घेते, माती कोरडी झाली की पाणी देते, माया करत नाही. माझ्या अंगठ्याचं पान आता खाली सरकलंय, वाळायला आलंय.

तिचा फोन येतो. कधी बाळाला ताप, कधी तिची गोळी बदललेली, कधी तिचं बीपी. सुरुवात ठरलेली असते: "आई, तू घाबरू नको, पण..."

"घाबरणार मी," मी म्हणते. "घाबरलेच आहे. तू सांग."